पुतळ्याला आज काय घातलंय?

सभागृहाच्या पडद्याआड उभी राहून मी भोंग्याची कॉलर तिसऱ्यांदा सरळ केली आणि बजावलं, "फोन लागला की आधी माइक फोनजवळ न्यायचा, मग बोलायचं. उलटं केलंस तर याद राख."

"माहितीये बाई," तो म्हणाला. भोंग्याचा आवाज इतका मोठा की खरं म्हणजे त्याला माइकची गरजच नव्हती. त्याच्या शेजारी पैपै बोटं मोडत उभा होता. हा मुलगा मित्राला खोडरबर दिला तरी परत घेताना झिजलेला भाग बघतो. आणि त्या दोघांच्या पुढे, हातात मोबाइल धरून, चौकशी. ही पोरगी नववीत आल्यापासून वर्गात एकही वाक्य पूर्णविरामाने संपवलेलं मला आठवत नाही. सगळी प्रश्नचिन्हंच.

मी त्यांना धंदा शिकवते. वेळापत्रकात त्याला मोठं भारदस्त नाव आहे, पण काम एवढंच: तिघातिघांचे गट करायचे, प्रत्येक गटाने एक उद्योग आखायचा आणि खऱ्या ग्राहकांसाठी खरोखर सुरू करायचा. मी मनातल्या मनात पोरांना अशी नावं ठेवते, तर पोरं माझ्या माघारी मला नफाबाई म्हणतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. असो. मुख्याध्यापकांनी मला त्या वर्षी आडवळणाने नव्हे, तोंडावर सांगितलं होतं की बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी आपला एक तरी गट निवडला नाही, तर पुढच्या वर्षी विषय बंद. माझी खोली, तीच ती जुनी सुतारकामाची कार्यशाळा, जिथल्या बाकांना लाकूड आवळून धरायचे शिकंजे अजून आहेत, ती तुटक्या खुर्च्या ठेवायला जाणार होती. म्हणून मी कॉलरी सरळ करत होते.

या तिघांच्या उद्योगाचं नाव होतं 'हाक'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज एक फोन करायचा, आणि ठीक आहेत की नाहीत ते त्यांच्या दूर राहणाऱ्या मुलामुलींना कळवायचं. पैसे मुलंमुली देणार. कल्पना चौकशीची. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं, कारण सगळेच म्हातारे "बरं आहे" म्हणत होते. मग कळलं की एक आजी चांगल्या सणसणीत तापात पडूनसुद्धा रोज "बरं आहे" म्हणत होत्या, आणि आमची पोरं रोज तसं त्यांच्या मुलाला कळवत होती.

चौकशी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, कसे आहात असं विचारून काय उपयोग? ते झोपेतसुद्धा बरं आहे म्हणतील. त्यांना उठून बघावं लागेल असं काहीतरी नको का विचारायला?"

तिथून 'बघून सांगा' सुरू झालं. प्रत्येकाच्या खिडकीतून दिसणारी, रोज बदलणारी एक गोष्ट शोधायची आणि ती विचारायची. विचारणाऱ्याने त्या दिवशी ती स्वतः जाऊन बघितलेली असली पाहिजे, नाहीतर उत्तर बरोबर की चूक हे कळणार कसं? आणि नियम: उत्तर चुकलं की दार. म्हणजे फोनवर घोळ घालत बसायचं नाही, कुणीतरी ताबडतोब घरी जाऊन बघायचं. त्यासाठी प्रत्येकाची एक किल्ली शेजारपाजारी ठेवायची.

मला हा नियम पटला नव्हता. एका चुकीच्या उत्तरासाठी गावभर सायकली हाकायच्या, हा काय धंदा झाला? मी भर वर्गात विचारलं, "ग्राहक कोण?"

"पैसे देतो तो," सगळ्यांनी सुरात म्हटलं. हे मीच फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून पाठ करून घेतलं होतं.

"मग फोन उचलतो तो कोण, बाई?" चौकशीने विचारलं.

"तो माल," मी म्हणाले. वर्ग हसला. मीही हसले.

ती हसली नाही. नियम मात्र तिने काढला नाही.

परीक्षकांची अट होती की किमान पाच ग्राहक हवेत. यांचे चार झाले होते आणि पाचवा काही केल्या मिळेना. शेवटी मी माझ्या वडिलांचं नाव घातलं. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात, तिसऱ्या मजल्यावर, शहराच्या जुन्या भागात. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि जन्मभर लोकांना खाली-वर करूनही कुणाशी दोन गोड शब्द बोलले नाहीत. चौकशीने त्यांची किल्ली शेजारी ठेवायला मागितली, तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडे आहे ती पुरे. आकडा भरायला घातलेलं नाव आहे ते."

बाबांच्या खिडकीसमोर एक शिंपी आहे. त्याच्या काचेत एक पुतळा असतो आणि शिवून तयार होईल तो कपडा तो त्याच्या अंगावर चढवतो. चौकशी शाळेत येताना वाट वाकडी करून तो बघायची आणि नंतर फोन करून विचारायची, "आजोबा, पुतळ्याला आज काय घातलंय?" पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "तुला शिंप्याकडे नोकरी लागलीय का?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "राखाडी पँट. पुतळ्याला शोभत नाही." मग त्यांना सवय लागली. सोमवारी त्यांनी सांगितलं होतं, "निळा कोट. डावी बाही अजून लागायचीय." जसा एखादा तपासणी अहवाल द्यावा तसं. पोरांना ते इतकं आवडलं की त्यांची नक्कल वर्गात दिवसभर चालली होती.

म्हणूनच मी ठरवलं की परीक्षकांसमोर फोन करून दाखवायचा तो बाबांनाच. बाकीच्या आजी फोनवर एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. आदल्या दिवशी मी बाबांना सांगितलं, "उद्या जरा नीट बोला. तिरकं काही नको. माझा विषय तुमच्या हातात आहे."

"परीक्षा तुझी आणि पाठांतर मी करायचं?" ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पडदा सरकला. समोर पहिल्या रांगेत तीन परीक्षक होते. एक बँकेतले, एक कुठल्याशा महाविद्यालयातले आणि एक बाई, ज्यांचा स्वतःचा खोक्यांचा कारखाना होता. त्यांच्या शेजारी आमचे मुख्याध्यापक, घड्याळाकडे बघत. भोंग्याने सुरुवात छान केली. पैपैने खर्चाचे आकडे असे धडाधड सांगितले की बँकेवाल्यांनी मान डोलावली. मग चौकशीने फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि भोंग्याने आधी माइक जवळ नेला.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"आजोबा, पुतळ्याला आज काय घातलंय?"

"निळा कोट," बाबांचा आवाज सभागृहभर घुमला. "डावी बाही अजून लागायचीय."

लोक हसले, टाळ्या पडल्या. आणि बाबा पुढे म्हणाले, "फार छान काम करता तुम्ही पोरं. आणि तुमच्या बाईही चांगल्या आहेत हो. ठेवतो."

मी पडद्याआड डोळे मिटले. बाबांनी सांगितल्याप्रमाणे केलं होतं. सांगितल्यापेक्षा जास्तच केलं होतं. बँकेवाले काहीतरी लिहीत होते, मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर वर्षात पहिल्यांदा हसू होतं. आता चौकशीने पुढचं वाक्य म्हणायचं होतं: 'आणि अशा रीतीने आमच्या ग्राहकाला दोन मिनिटांत खात्री मिळते.'

ती म्हणेना. तिने भोंग्याच्या हातात आपले कागद कोंबले आणि सरळ माझ्याकडे आत आली.

"बाई, किल्ली द्या."

"परत जा आधी," मी दात-ओठ खाऊन म्हणाले.

"उत्तर चुकलं बाई. आज पिवळा फ्रॉक आहे. सकाळी मी बघितलाय ना? निळा कोट सोमवारचा. ते खिडकीपर्यंत गेलेच नाहीत, आठवणीतलं सांगितलं. का नाही गेले?"

"म्हातारं माणूस आहे, कंटाळा केला असेल. हे बघ, परीक्षक बसलेत. संपव आणि मग जा कुठे जायचं ते."

"उत्तर चुकलं की दार, बाई."

"नियम कुणासाठी? ग्राहकासाठी!" माझा आवाज चढला होता आणि मला तो दाबून धरावा लागत होता. "इथे ग्राहक मी आहे. पैसे मी देते. आणि ग्राहक म्हणतोय की सगळं ठीक आहे. जा."

तिच्या ओठांवर एक प्रश्न आलेला मला दिसला, पण आयुष्यात पहिल्यांदाच तिने तो विचारला नाही. वळली आणि मागच्या दाराने पळाली. क्षणात सायकलच्या स्टँडचा खटका ऐकू आला.

मी भोंग्याला हाताने खूण केली, चालू ठेव. असला संताप आला होता मला! वर्षभर घाम गाळायचा आणि हातातोंडाशी आलेला घास एका हट्टी पोरीपायी घालवायचा. भोंगा तिचा भाग वाचायला लागला. तेवढ्यात कारखानेवाल्या बाईंनी हात वर केला. "एक विचारू? तुमचे हे आजोबा रोज असंच गोड बोलतात का?"

"नाही हो मॅडम," भोंगा मोकळेपणाने म्हणाला, "आज पहिल्यांदाच! नाहीतर ते आम्हाला टोळभैरव म्हणतात."

सगळं सभागृह हसलं. मी नाही हसले.

मी दहावीत पहिली आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "बाकीच्यांनी अभ्यास केला नसेल." माझ्या लग्नात म्हणाले, "मांडवाचा खांब वाकडा आहे." तुमच्या बाईही चांगल्या आहेत हो! हे बाबा बोलले? आणि फोन पहिल्याच घंटेला उचलला. त्यांचा फोन जुना, वायरीचा, दारामागच्या बोळातल्या तिपाईवर असतो. खुर्चीतून उठून, कुरकुर करत तिथे पोचेपर्यंत चार-पाच घंटा तरी होतातच. आज ते फोनपाशीच होते. फोनपाशी का होते?

मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. लागेना. रिसीव्हर नीट ठेवला गेला नव्हता. पर्स उघडली तर जुडगा आत होता आणि त्यात बाबांची किल्ली, लांब दांड्याची, जशीच्या तशी. ती पोर बंद दाराकडे निघाली होती आणि दार उघडणारी किल्ली घेऊन मी इथे कॉलरी सरळ करत बसले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

मी मंचावरूनच पळाले. परीक्षकांच्या समोरून, मुख्याध्यापकांच्या "अहो बाई, अहो!"कडे न बघता. दारात कुणीतरी माझा दंड धरला. कारखानेवाल्या बाई होत्या. त्यांनी एकच विचारलं, "लांब आहे का?" मी होकारार्थी मान हलवली. "माझी गाडी बाहेर आहे."

त्या गाडी दामटत होत्या. सिग्नलला थांबलो की मी किल्ली मुठीत आवळायची आणि पुन्हा पुन्हा नंबर लावायची. जुन्या भागात शिरलो तर पुढे सामान उतरवणारा ट्रक रस्ता अडवून उभा. मी दार उघडलं आणि धावत सुटले. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान आलं. काचेत पुतळा होता आणि त्याच्या अंगावर पिवळाधमक फ्रॉक होता.

लिफ्ट वर कुठेतरी होती, मी जिना धरला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय अडखळला, काहीतरी पायातून निसटून खाली गडगडत गेलं. बघायला थांबले नाही. वरून आवाज येत होता.

"आजोबा, तुमच्या समोरच्या भिंतीवर काय दिसतंय?"

चौकशी बाबांच्या दाराबाहेर फरशीवर पालथी पडली होती आणि दाराखालच्या फटीला तोंड लावून विचारत होती. आतून थोड्या वेळाने उत्तर आलं. "कॅलेंडर."

"कुठला महिना आहे?"

"मागचा."

"उलटलं का नाही?"

"तू ये... आणि उलट."

मला बघून ती उठली नाही, फक्त मान वळवली. गाल फरशीच्या धुळीने माखला होता. "अँब्युलन्सला फोन केलाय, बाई. त्यांना हलवू नका म्हणाले, आणि झोपू देऊ नका. पण उत्तरं हळू येताहेत. मघाशी पटापट देत होते." आणि पुन्हा फटीला तोंड लावून, "आजोबा, लिफ्टला दोर किती असतात?"

उत्तर आलं नाही.

"आजोबा? दोर किती?"

किल्ली भोकात जाईना. चौकशीने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, तेव्हा कुठे गेली. कुलूप फिरलं, पण दार वीतभर उघडून अडलं. आत काहीतरी आडवं होतं. जोर करावा तर ते बाबाच असले तर? "थांबा," म्हणत चौकशी अंग चोरून फटीतून आत घुसली. काहीतरी घासल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. कपाटाजवळचं स्टूल उलटं होऊन दाराला अडलं होतं.

बाबा बोळात एका कुशीवर पडले होते. एक पाय नको तसा वळलेला. तिपाई आडवी, वायर ओढून आणलेली, रिसीव्हर छातीपाशी. चेहऱ्याला रंग नव्हता, पण दाढी गुळगुळीत केलेली आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. कपाटावरून खाली आलेल्या खोक्यातून त्यांचा एकुलता एक कोट अर्धा बाहेर आला होता.

"कोट काढायला चढलात?" मी गुडघ्यांवर बसत विचारलं. "फोनवर कोण बघणार होतं तुम्हाला?"

"फोनवर दिसत नाही... हे मला ठाऊक आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "लिफ्टवाला आहे मी. बावळट नाही."

"कधी पडलात?"

"सकाळी."

"सकाळपासून? बाबा, फोन हाताशी होता! मला नाही, निदान कुणाला तरी..."

"तुमचा फोन यायचा होता ना," ते म्हणाले. "लाइन मोकळी ठेवली."

सकाळपासून एक माणूस मोडलेला पाय घेऊन गार फरशीवर पडून होता, आणि फोनची घंटा वाजली की काय बोलायचं ते मनाशी घोकत होता. पाठांतरच ते. आणि मी त्याला माल म्हटलं होतं, वर्गासमोर, हशा मिळवून. मला माझीच भयंकर लाज वाटली.

"पोरं पास झाली?" त्यांनी विचारलं.

"ते जाऊ दे."

"म्हणजे नापास. मी एवढं... गोड बोललो."

"तुमच्या गोड बोलण्यानेच घात केला," मी म्हणाले, आणि माझ्या घशातून हसू आलं की हुंदका, मलाच कळलं नाही. त्यांचे हात बर्फ झाले होते. मी खोक्यातला कोट ओढून त्यांच्या अंगावर घातला.

खाली रस्त्यावर अँब्युलन्सचा सायरन ऐकू आला. चौकशी उठली. "मी लिफ्ट खाली नेऊन धरून ठेवते. त्यांना मजला कोण सांगणार?" दारात ती थांबली. मी जुडग्यातून लांब दांड्याची किल्ली काढली, त्यात नख मोडलं, आणि तिच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे," मी म्हणाले. "आणि वर्गात फळ्यावर ते लिहिलंय ना, ग्राहक कोण, ते उद्या पूस."

"पुसून काय लिहू?"

"तुला ठाऊक आहे."

तिने मूठ मिटली आणि ती गेली. बोळात आम्ही दोघंच उरलो. बाबांचे डोळे पुन्हा मिटायला लागले होते, श्वास लांब लांब येत होता.

"बाबा, कसे आहात?" तोंडातून निघून गेलं.

"बरं आहे," ते म्हणाले.

बरं आहे! खालून लिफ्टचं दार वाजलं, पण वर यायला अजून वेळ होता. मी त्यांच्या गालावर थोपटलं. "बाबा. ए बाबा, झोपायचं नाही. बघून सांगा. मी आज पायांत काय घातलंय?"

मग पापण्या हलल्या. त्यांची नजर फरशीवरून सरकत, शोधत, माझ्या पावलांपर्यंत आली आणि तिथे थांबली. त्यांनी नीट बघितलं, जसं ते आयुष्यभर प्रत्येक गोष्टीकडे बघत आले तसं.

"उजव्या पायात चप्पल आहे," ते म्हणाले. "डावी अजून लागायचीय."

उत्तर बरोबर होतं. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि पुढचा प्रश्न विचारला.